पथकाचे सर कोण?

दर वर्षी ७ नोव्हेंबरच्या आगेमागे मूल शाळेतून स्काऊटचं एक छोटं ध्वजस्टिकर घेऊन येतं. घरात सुटे पैसे मागितले जातात, स्टिकर कंपासपेटीवर चिकटतं आणि बहुतेक पालकांचा स्काऊट चळवळीशी आलेला संबंध तिथेच संपतो. १९५० साली याच तारखेला देशातल्या निरनिराळ्या स्काऊट संघटना विलीन होऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला गर्ल गाईड्सही तिच्यात आल्या. स्टिकर असतं ते त्या स्थापनादिनाचं. काही घरांत मात्र मूल हट्ट धरतं, किंवा बाबांना स्वतःच्या लहानपणचा तंबू आठवतो, आणि चौकशी सुरू होते : आमच्या भागात पथक कुठे आहे?

ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत हा प्रश्न असाच विचारतात आणि त्याला उत्तरही सरळ मिळतं. तिथली पथकं वस्तीची असतात. चर्चचा किंवा वस्तीचा हॉल असतो, आठवड्यातली एक संध्याकाळ ठरलेली असते आणि आपला पिनकोड टाकला की जवळपासचे ग्रुप दिसतात. महाराष्ट्रात पथक वस्तीचं नसतं, शाळेचं असतं. स्वातंत्र्यानंतर ही चळवळ शिक्षण खात्याचा हात धरून वाढली. राज्य संस्थेचं कार्यालय दादरला शिवाजी पार्कच्या स्काऊट पॅव्हेलियनमध्ये असलं, तरी जिल्ह्यात तिची सूत्रं शिक्षणाधिकाऱ्यांशी बांधलेली असतात. पथक चालवतात ते शाळेतले शिक्षक आणि नोंदणी होते ती शाळेच्या नावावर. याचा फायदा लहान नाही. जव्हारच्या किंवा एटापल्लीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलालाही नाममात्र वर्गणीत स्काऊट होता येतं, त्यासाठी शहरात राहावं लागत नाही की गाडी काढून कुणी सोडायला जावं लागत नाही. तोटाही त्याच पोटात आहे. शाळेच्या कपाटात जिथे पोषण आहाराची फाईल असते, तिथेच शेजारी पथकाचीही एक फाईल तयार होते, आणि कधीकधी पथक फक्त त्या फायलीतच राहतं.

म्हणून आपल्याकडे पथक शोधणं म्हणजे पत्ता शोधणं नव्हे. पत्ता बहुतेकदा मुलाच्या गणवेशाच्या खिशावरच असतो. शोधायचा असतो तो माणूस.

आधी वयाचा हिशेब पाहू, कारण चौकशीला गेल्यावर पहिला प्रश्न तोच येतो. दहा वर्षांपर्यंतचे मुलगे ‘कब’ आणि मुली ‘बुलबुल’. त्याहून लहान, बालवाडीच्या वयाच्या मुलांसाठी ‘बनी’ नावाचा विभाग आहे, तो सगळीकडे चालत नाही. दहापासून सतरा-अठरापर्यंत स्काऊट आणि गाईड. त्यानंतर पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर, ही पथकं बहुधा महाविद्यालयांत भेटतात. कबांचं सगळं जग किपलिंगच्या ‘जंगल बुक’वर उभं आहे. चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९१६ मध्ये ते तिथून उचललं, त्यामुळे लंडनमधल्या कबांचा प्रमुखही ‘अकेला’ आणि लातूरमधल्या कबांचाही अकेलाच. गंमत अशी की ते जंगल म्हणजे सिवनीचं, आपल्या पेंचला लागून असलेलं. नागपूरच्या मुलांना मोगलीची गोष्ट शेजारच्या जिल्ह्यातली बातमी म्हणून सांगता येईल. अशी सांगणारे कबमास्टर मात्र मला भेटलेले नाहीत.

मुलाच्या शाळेत पथक आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारलं तर उत्तर बहुधा ‘आहे’ असं येतं. तिथे थांबू नये. पुढचा प्रश्न : या वर्षीची नोंदणी झाली का? पथकाची नोंदणी दर वर्षी नव्याने करावी लागते. तिसरा प्रश्न : स्काऊटचे सर कोण, गाईडच्या मॅडम कोण? या प्रश्नावर मुख्याध्यापकांनी लगेच एक नाव घेतलं आणि ते घेताना चेहरा जरा खुलला, तर अर्धं काम झालं. ‘सध्या पी.टी.चे सर बघतात’ हे उत्तर आलं तर अर्थ दोन असू शकतात. पी.टी.चे सर खरोखर हौशी असतील, किंवा शिट्टी त्यांच्याकडेच आहे म्हणून पथकही त्यांच्याकडे आलं असेल.

शाळेत पथकच नसेल तर जिल्ह्याच्या स्काऊट-गाईड कार्यालयात जावं. तिथे ‘जिल्हा संघटक’ असतात, स्काऊट आणि गाईड यांचे वेगळे. जिल्ह्यातली कुठली पथकं जिवंत आहेत आणि कुठली झोपलेली आहेत, हे या माणसांना तोंडपाठ असतं, कारण मेळावे, शिबिरं आणि चाचण्या तेच घेतात. त्यांना ‘आमच्या जवळची नोंदणी झालेली शाळा कुठली’ असं विचारलं तर यादी मिळेल. ‘गेल्या तीन वर्षांत चाचणीला मुलं कुणाकडून आली’ असं विचारलं तर माहिती मिळेल. शाळेशी न बांधलेली, ‘ओपन’ म्हणवणारी पथकंही त्यांच्याकडूनच कळतात. ती थोडी असतात, पण ज्या मुलाच्या शाळेत काहीच नाही त्याला खरा आधार त्यांचाच.

एक वाट बऱ्याच पालकांना ठाऊक नसते. भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये रेल्वेच्या स्वतंत्र शाखा आहेत, राज्य संस्थेच्या बरोबरीच्या. मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, आणि त्यांच्या खाली विभाग. भुसावळ, सोलापूर, नागपूर, पुणे अशा ठिकाणच्या रेल्वे वसाहतींत पथकांची जुनी परंपरा आहे आणि ती शाळेऐवजी वसाहतीच्या मैदानावर भरतात. बाहेरच्या मुलांना घेतात का, हे ज्या त्या ठिकाणी विचारावं लागतं. केंद्रीय विद्यालयांचीही शाखा वेगळी, तेव्हा तिथल्या मुलाची चौकशी जिल्हा कार्यालयात करून उपयोग नाही. ती त्याच्या शाळेतच करावी.

आता खऱ्या कामाकडे वळू. पथक सापडलं, सर सापडले. ते चांगलं आहे की नाही हे कसं ओळखायचं?

यासाठी १९०७ च्या ऑगस्टमधली एक गोष्ट माहीत असलेली बरी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर हाच बेडन-पॉवेल, पन्नाशीचा सेनाधिकारी, वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर तंबू ठोकून राहिला. त्यातली निम्मी मुलं ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, बाकीची पूल आणि बोर्नमथ या गावांतल्या साध्या कुटुंबांतली. पहिल्यांकडून एक पौंड घेतला, दुसऱ्यांकडून साडेतीन शिलिंग. मुलांची वर्गवारी मात्र त्याने पैशांवरून केली नाही. सगळ्यांना मिसळून चार टोळ्या केल्या : लांडगे, बैल, कर्ल्यू पक्षी, डोमकावळे. प्रत्येक टोळीला एक मोठा मुलगा नायक, आणि टोळीने काय करायचं ते ठरवण्याचा व पार पाडण्याचा अधिकार त्या नायकाला. बेडन-पॉवेलनी नंतर पुस्तकं लिहिली, गणवेश आला, बिल्ले आले, जगभर शाखा झाल्या. पण त्या बेटावर जी नवी गोष्ट घडली ती ही : मोठ्या माणसाने मुलांच्या हाती मुलांना सोपवलं आणि आपण बाजूला उभा राहिला.

आपल्याकडे त्या टोळीला ‘संघ’ म्हणतात आणि नायकाला ‘संघनायक’. एका संघात सहा ते आठ मुलं, पथकात जास्तीत जास्त बत्तीस. कबांची सहा-सहाची षटकं, एकूण चोवीसपर्यंत. हे आकडे नियमावलीत उगाच घातलेले नाहीत. सात मुलांत प्रत्येकाला काम उरतं, लपायला जागा उरत नाही. साठ मुलांचं ‘पथक’ म्हणजे कवायतीचा वर्ग. त्याला स्कार्फ बांधला म्हणून तो बदलत नाही.

तेव्हा शनिवारच्या सकाळच्या शाळेत, पथकाच्या तासाला, परवानगी काढून मैदानाच्या कडेला उभं राहावं आणि बघावं. मुलं संघांत उभी आहेत का? आवाज कुणाचा येतो आहे? संघनायक आपल्या मुलांना काही समजावतो आहे आणि सर दूरवर पाठीमागे हात बांधून बघत आहेत, असं दृश्य दिसलं तर ते पथक धरावं. शिट्टी, ‘सावधान’, ‘विश्राम’ आणि पुन्हा शिट्टी असंच तासभर चाललं तर मुलाचं नुकसान होणार नाही, पण त्याला स्काऊटिंगही मिळणार नाही. एखाद्या मुलाला जवळ बोलावून दोरीचा तुकडा द्यावा आणि ‘क्लोव्ह हिच दाखव’ म्हणावं. त्याने गाठ मारली तर ठीक. ती कुठे वापरतात तेही त्याने सांगितलं, म्हणजे काठ्यांचं लॅशिंग याच गाठीने सुरू करतात, तर त्याने खरोखर काही बांधलेलं आहे. गेल्या वर्षभरात रात्रीचा मुक्काम किती वेळा झाला, स्वयंपाक कुणी केला, हेही त्यालाच विचारावं. मोठ्यांपेक्षा मुलं खरं सांगतात.

अनेक शाळांत पथक दिसतं ते १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला आणि कुणी पाहुणे येणार असले की. गणवेशातली मुलं दुतर्फा उभी करून मंत्र्यांवर पाकळ्या उधळायला लावणं हा स्काऊटिंगचा भाग नाही, आणि ते ज्या पथकाचं मुख्य काम आहे त्यात मूल घालण्याची घाई करू नये असं माझं मत आहे.

सरांबद्दल काय विचारायचं? प्रशिक्षण. पथक चालवणाऱ्याने निदान ‘बेसिक’ शिबिर केलेलं असावं लागतं, त्यापुढे ‘ॲडव्हान्स’, त्यापुढे ‘हिमालय वुड बॅज’. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे आणि जुन्या स्काऊट शिक्षकांच्या बोलण्यात पचमढीचा उल्लेख आल्याशिवाय राहत नाही. वुड बॅज केलेल्याच्या गळ्यात चामड्याच्या वादीत ओवलेले दोन लाकडी मणी असतात. मणी नसलेला शिक्षकही उत्तम असू शकतो, पण मणी असलेल्याने या कामाला सुट्ट्या दिल्या आहेत एवढं निश्चित. दुसरी गोष्ट, सरांची बदली. जिल्हा परिषदेच्या शाळांत चांगलं चाललेलं पथक एका बदलीच्या आदेशाने बसतं. म्हणून त्यांच्या हाताखाली दुसरं कुणी तयार होतं आहे का, हे पाहून ठेवावं.

मुलाला घातल्यावर लगेच गणवेश शिवायला टाकू नये. नव्या मुलाला साधारण तीन महिने ‘प्रवेश’चा अभ्यास असतो : वचन, नियम, डाव्या हाताने हस्तांदोलन, राष्ट्रध्वजाची माहिती, सोप्या गाठी, घरातलं रोजचं एक सत्कार्य. त्यानंतर दीक्षाविधी आणि मगच गळ्यात स्कार्फ. वचनात ईश्वराचा उल्लेख आहे. ज्यांना तो नको असेल त्यांना त्या जागी ‘धर्म’ म्हणण्याची मुभा आहे. पुढे प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक पायरीला किमान काही महिने द्यावेच लागतात, त्यामुळे सगळी वाट चालायला तीन-चार वर्षं जातात. आठवीत आलेल्या मुलाच्या हाती ती वर्षं नसतात, कारण दहावीला बहुतेक घरांत सगळंच बंद होतं. सुरुवात पाचवी-सहावीत व्हावी.

पुरस्कारांविषयी पालक खोदून विचारतात, आणि त्यामागे बहुधा सवलतीचे गुण आणि नोकरी असते. रेल्वे भरतीत स्काऊट-गाईड कोटा आहे हे खरं, राष्ट्रपती पुरस्काराला तिथे किंमत आहे हेही खरं. पण गुणांच्या मोहाने आलेलं मूल चाचणी झाली की निघून जातं, आणि हे सर आधीच ओळखतात. ‘खरी कमाई’ नावाचा उपक्रम मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात मुलं ओळखीच्या घरी, दुकानात लहानसहान काम करून पैसे मिळवतात आणि पथकाला देतात. सोसायटीतल्या दहा वर्षांच्या मुलाने शेजाऱ्यांची सायकल धुऊन वीस रुपये मागितले की बरेच पालक ओशाळतात. मूल ओशाळत नाही.

सुरक्षिततेबद्दल विचारताना मात्र कुणी ओशाळू नये. मुक्कामाच्या शिबिराला किमान दोन मोठी माणसं हवीत, गाईडांच्या शिबिरात बाईच प्रमुख हवी, पालकांचं संमतिपत्र लेखी घेतलेलं हवं. जागा कुठली, नदी-तलाव जवळ आहे का, सगळ्यात जवळचा दवाखाना कुठे, मुलं झोपणार कुठे आणि मोठी माणसं कुठे. या प्रश्नांनी चांगले सर दुखावत नाहीत, त्यांनी त्यांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली असतात. जे दुखावतात त्यांच्याबरोबर पाठवू नये.

नावसाधर्म्याने गोंधळ होतो म्हणून एक खुलासा. ‘हिंदुस्थान स्काऊट्स अँड गाईड्स’ ही वेगळी संस्था आहे. स्काऊटांची आणि गाईडांची जागतिक संघटना भारतातून सदस्य मानतात ते भारत स्काऊट्स आणि गाईड्सला. परदेशातल्या जांबोरीला जायचं स्वप्न असेल तर हा फरक महत्त्वाचा. शाळेतच आर.एस.पी., एम.सी.सी., एन.सी.सी. हे पर्यायही असतात. ज्या मुलाला शिस्त आणि संचलन आवडतं त्याला एन.सी.सी. अधिक मानवेल, त्यात कमीपणा नाही. आणि मुलगी गाईड असेल तर तिला पुण्याच्या आळंदी रस्त्यावरचं ‘संगम’ एकदा दाखवून आणावं. १९६६ मध्ये उघडलेलं हे गर्ल गाईड्सचं जागतिक केंद्र, जगात अशी मोजकीच आहेत. तिथे पथकात नाव घालता येत नाही, पण आपण किती मोठ्या गोतावळ्यात आहोत हे तिला डोळ्यांनी दिसेल.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांची अडचण उलटी असते. अमेरिकेत ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ने २०२५ मध्ये ‘स्काऊटिंग अमेरिका’ असं नाव घेतलं, तिथे आता मुलीही असतात. ‘गर्ल स्काऊट्स’ ही निराळी संस्था. दोन-चार पथकं पाहून निवडण्याची तिथे रीतच आहे. भारतीय पालकांच्या बैठकीत ‘ईगल’ हा शब्द फार लवकर येतो, कारण अठराव्या वर्षाच्या आत एकवीस मेरिट बॅज आणि एक समाजोपयोगी प्रकल्प पुरा करणाऱ्याला मिळणारा तो मान कॉलेजच्या अर्जात शोभतो. ब्रिटनमध्ये प्रश्न जागेचा. तिथे प्रतीक्षायाद्या लांब असतात, कारण मुलं भरपूर आणि त्यांना सांभाळणारी मोठी माणसं कमी. बरेच ग्रुप सांगतात की आई किंवा वडील मदतीला येणार असतील तर मुलाचा नंबर लवकर लागेल. लेस्टरमध्ये असो वा लातूरमध्ये, तुटवडा मुलांचा कधीच नसतो.

आणि शोधूनही काहीच सापडलं नाही तर? भारतात ही चळवळ आली तेव्हा आपल्या मुलांची हीच अवस्था होती. १९०९ मध्ये बंगळूरच्या बिशप कॉटन शाळेत पहिलं पथक निघालं, पाठोपाठ आपल्या खडकीला आणि लोणावळ्याला निघाली, पण ती सगळी गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. मग मद्रासला ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी, अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम बाजपेयी यांनी आपली पथकं उभी केली. मध्य प्रांतात पुढाकार घेणाऱ्यांत नागपूरचे वकील विवियन बोस होते. ते पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर भारत स्काऊट्स आणि गाईड्सचे राष्ट्रीय आयुक्त.

आज ओपन पथक काढायला त्यांच्याइतकी झुंज द्यावी लागत नाही. जिल्हा संघटकांना भेटून आपला इरादा सांगायचा, पुढच्या बेसिक शिबिराची तारीख घ्यायची, कार्यालयातून आठवडाभराची रजा काढून ते करून यायचं. हे शिबिर पालकांनाही करता येतं, त्यासाठी शिक्षक असण्याची अट नाही. तोवर सोसायटीच्या किंवा गल्लीच्या मुलांत विचारून ठेवायचं. मुलगे आणि मुली अशी दोन्ही असली तर गाईडांसाठी एक बाई आधी राजी करावी लागते, आणि हे काम शिबिराहून जास्त वेळ खातं. जागा म्हणून मंदिराचं आवार चालतं, नगरपालिकेचं मैदान चालतं, गच्चीसुद्धा चालते. सात-आठ मुलं जमली की एक संघ होतो. दोन संघ झाल्यावर नोंदणीचा अर्ज भरावा, आणि संघनायक मुलांनाच निवडू द्यावा.